दुकान बदलते, मग ते विश्वकोशात लिहायचे का?

गेल्या उन्हाळ्यात उत्तर नागपुरातल्या आमच्या विहारात दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. विषय होता, मराठी विकिपीडियावर लिहायचे कसे. आपली पोरे विकिपीडिया वाचतात, त्यावरून भाषणे तयार करतात, जयंतीच्या बॅनरवरचा मजकूरही तिथूनच उचलतात, पण लिहायला कोणी बसत नाही. ही तक्रार चळवळीत सगळेच करतात, म्हणून म्हटले एकदा बसवूनच पाहू. वीस-बावीस मुले-मुली आली. काही कॉलेजातली, काही स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतून उठून आलेली. लॅपटॉप तीन, बाकी सगळा कारभार मोबाइलवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार मुलांच्या गटाने सीताबर्डीवरच्या मजकुरात एक नवा विभाग घातला. मथळा 'मुख्य रस्त्यावरील दुकाने', आणि खाली एकतीस दुकानांची यादी. साड्यांची, चपलांची, मोबाइलची, चष्म्यांची, एक रसवंती, एक पुस्तकांचे. यादीतले सतरावे नाव वाचून आम्ही थबकलो. "ताई, तुमच्या बाबांचं पण टाकलं," एक जण हसत म्हणाला. चहाच्या वेळी आम्हीच कधीतरी त्या दुकानाची गोष्ट सांगितली होती, ती त्याने लक्षात ठेवली होती. खोटे कशाला बोलायचे, डोळे भरून आले. आमच्या बापाचे नाव जगात कुठेही, कशावरही छापलेले नाही. मतदार यादी आणि रेशनकार्ड सोडून.

चाळीस मिनिटांत ती यादी उडाली. कोण्या जुन्या संपादकाने अख्खा विभाग काढला आणि कारणात एवढेच लिहिले, की विश्वकोश म्हणजे दुकानांची निर्देशिका नव्हे, आणि संदर्भ एकही नाही.

"पाह्यलं ना ताई? आपलं नाव दिसलं की उडवून टाकते हे लोकं," तोच पोरगा म्हणाला. आणि आमच्याही तोंडून तेच निघाले. तो संपादक कोण, कुठला, कोणत्या समाजाचा, काही माहीत नसताना आम्ही वीस पोरांसमोर त्याला जातीयवादी ठरवून मोकळे झालो. मित्रहो, हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य चुकीचे होते असे आज आम्हाला वाटते, आणि ते पूर्णपणे चुकीचे नव्हते असेही वाटते. दोन्ही गोष्टी नीट सांगाव्या लागतील.

आधी चूक. घरी येऊन रात्री ती उडालेली यादी पुन्हा वाचली. विकिपीडियावर काढलेला मजकूर सहसा कायमचा नाहीसा होत नाही. पानाच्या वर 'इतिहास पहा' असे असते, तिथे प्रत्येक बदल तारीख-वेळेसह पडून राहतो. यादीच्या डोक्यावर वाक्य होते, 'या रस्त्यावर पुढील दुकाने आहेत.' आहेत! बाबांचे दुकान २००९ साली बंद झाले. म्हणजे ज्या ओळीने आमचे डोळे भरून आले, तीच त्या यादीतली सगळ्यात खोटी ओळ होती. पुढच्या रविवारी आम्ही त्या चार पोरांना घेऊन व्हरायटी चौकातून मुंजे चौकाकडे पायी गेलो, हातात यादी. तीन दुकाने बंद. एकाच्या जागी दुसरेच उभे. दोघांची नावे पाटीवर वेगळी, यादीत वेगळी. एक दुकान मागच्या गल्लीत सरकलेले. यादी घालून आठ दिवसही झाले नव्हते. शिवाय एका मोबाइलच्या दुकानापुढे चक्क फोन नंबर टाकलेला होता. ते दुकान गटातल्याच एकाच्या मामाचे निघाले. पोरगा लाजला. आम्ही म्हटले, बाबा रे, मामाची जाहिरात करायला पाँप्लेट छाप, विश्वकोश कशाला?

म्हणजे हा प्रश्न जातीचा व्हायच्या आधी साधा आहे. बाजाराच्या रस्त्यावरची दुकाने बदलत राहतात. विश्वकोश अशी गोष्ट आहे, की आज वाचणाऱ्याला आणि दहा वर्षांनी वाचणाऱ्याला तिच्यावर सारखाच भरवसा ठेवता आला पाहिजे. मग बदलती गोष्ट तिथे लिहायची का?

केतकरांनी ज्ञानकोश काढला किंवा वाईला मराठी विश्वकोशाचे खंड तयार झाले, तेव्हा हा प्रश्न उठलाच नाही. कागद मोजका, छपाईचा खर्च मोठा, एक खंड निघायला वर्षे लागत. सीताबर्डीवर लिहायचे तर १८१७ ची लढाई, किल्ला, टेकडी, संपले. इंटरनेटवर कागद संपत नाही. आणि हातातल्या मोबाइलवरून कोणालाही लिहिता येते. म्हणून आपल्याला वाटते की आता सगळेच घालू या. पण जागा वाढली म्हणून तपासणारे हात वाढत नाहीत. मराठीत तर हे काम करणारी माणसे फारच थोडी. एकतीस दुकानांची यादी आज घातली तर दर सहा महिन्यांनी बर्डीवर जाऊन ती दुरुस्त कोण करणार? तो चाळीस मिनिटांत आलेला संपादक? तो नागपुरात राहतो की नाही तेही ठाऊक नाही.

इंग्लंडात ही अडचण फार जुनी. तिथे प्रत्येक गावाचा एक मुख्य बाजाररस्ता असतो, त्याला हाय स्ट्रीट म्हणतात. त्या गावांवर कोणी लिहायला बसला की हमखास लिहितो, आमच्या रस्त्यावर अमुक दुकान आहे, तमुक दुकान आहे. वूलवर्थ्स नावाची मोठी साखळी होती, आठशेच्या आसपास दुकाने. जानेवारी २००९ च्या सुरुवातीपर्यंत ती सगळी बंद झाली. ज्या ज्या गावाच्या पानावर 'येथे वूलवर्थ्स आहे' असे वाक्य होते, ते एका महिन्यात खोटे झाले. पण वूलवर्थ्स या कंपनीवरचा लेख खोटा झाला नाही. उलट तिचे बंद होणे हाच त्या लेखाचा एक भाग झाला, कारण त्यावर वर्तमानपत्रांनी लिहिले, पुस्तके निघाली. फरक इथे आहे. 'दुकान आहे' हे टिकत नाही. 'अमुक साली होते, अमुक साली गेले, त्याने असे असे घडले' हे टिकते. आणखी एक गोष्ट त्या देशात होती. एकोणिसाव्या शतकापासून तिथे व्यापारी निर्देशिका छापल्या जात, त्यात रस्त्यावर घरांच्या क्रमाने कोणते दुकान कोणाचे हे दिलेले असे. केलीज डिरेक्टरी ही त्यातली प्रसिद्ध. आज तिथला इतिहासकार शंभर वर्षांपूर्वीचा बाजार त्या जुन्या वह्यांवरून उभा करतो. म्हणजे विश्वकोशाने निर्देशिका होऊ नये हे म्हणणे तिथे सोपे आहे, कारण निर्देशिका दुसरीकडे होती.

आपल्याकडे ती कुठे आहे? इथून आमच्या त्या वाक्यातला खरा भाग सुरू होतो.

बाबांचे दुकान घड्याळ दुरुस्तीचे होते. एका इमारतीच्या जिन्याखाली चार बाय पाच फुटांची जागा, पुढे काचेचे खोके, वर एक ट्यूबलाइट. डोळ्याला भिंग लावून चिमट्याने बालचक्र उचलायचे, तेव्हा श्वास रोखून धरायचे. आम्ही शाळेतून येऊन बाजूच्या स्टुलावर बसायचो. पाटीवर आमच्या भावाचे पहिले नाव आणि पुढे 'वॉच'. आडनाव नव्हते. आमचे आडनाव वाचले की नागपुरात कोणालाही कळते आपण कोण. बाबांनी ते कधी बोलून दाखवले नाही, पण पाटी रंगवताना पेंटरने विचारले होते, "आडनाव टाकू?" आणि बाबा म्हणाले होते, "जागा पुरत नाही." जागा पुरेशी होती. बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता. दार उघडले तरच दिसायचा. वर्षातून एकदा मात्र ते दार दिवसभर उघडे असायचे. अशोक विजयादशमीला खेड्यापाड्यांतून माणसे यायची, स्टेशनावरून दीक्षाभूमीकडे जाता-येता घड्याळात सेल टाकून घ्यायची, त्या दिवशी.

आता विचार करा. हे दुकान विश्वकोशात घालायचे नाही, हे आम्हाला मान्य आहे. हजार दुकानांपैकी एक. त्याने काही शोध लावला नाही, त्यावर कोणी लिहिले नाही. पण त्या रस्त्यावर १९५६ नंतरच्या पन्नास वर्षांत आपल्या माणसांची दुकाने कशी आली, किती आली, कोणत्या धंद्यांत आली, पाटीवर काय लिहून आली आणि कोणती आलीच नाहीत, हे विश्वकोशात घालायचे की नाही? आमच्या मते ते तिथे असलेच पाहिजे. सीताबर्डीच्या पानावर किल्ल्याला जेवढी जागा आहे तेवढी त्याला मिळाली पाहिजे.

कारण बदलणारे दुकान ही आपल्या समाजासाठी किरकोळ गोष्ट नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली निघाले. त्यात गावातली कोणती सेवा कोणी द्यायची याचे वर्णन आहे. बलुतेदार, अलुतेदार, प्रत्येकाचे काम ठरलेले. ते छापताना आत्र्यांना अशी भीती वाटली असेल का, की पुस्तक बाजारात येईपर्यंत कुंभाराच्या जागी दुसराच कोणी बसेल? ती व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या बदलत नव्हती, म्हणून तिची यादी पुस्तकात घालता आली. बाबासाहेबांनी १९३६ साली सांगितले की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. त्या वाटणीतून सुटलेला माणूस शहरात येऊन जिन्याखाली घड्याळे दुरुस्त करू लागतो, मग ते दुकान बंद करतो, त्याचा मुलगा तिसराच धंदा धरतो. ज्या दुकानाची आम्ही गोष्ट सांगतो त्या जागेवर आज मोबाइलची कव्हरे विकली जातात. हा बदल विश्वकोशाची अडचण असेल, पण समाजशास्त्राच्या दृष्टीने तीच तर बातमी आहे.

आणि दुकान हा शब्द आपल्या संविधानात आहे, हे किती जणांना आठवते? कलम १५ (२). धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला जिथे अडवता येणार नाही अशा ठिकाणांच्या यादीत पहिला शब्द दुकानांचा आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते त्यानंतर येतात. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा दुकान म्हणजे नेमके काय, त्यात न्हाव्याचे दुकान येते का, लाँड्री येते का, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी उत्तर दिले की हा शब्द फक्त आत पाऊल टाकण्यापुरता वापरलेला नाही. जो कोणी आपली सेवा मागायला येणाऱ्याला ती द्यायला तयार होऊन बसला आहे, त्याची ती जागा म्हणजे दुकान. एवढा व्यापक अर्थ. ज्या समाजाला गावच्या दुकानात वरून टाकलेला माल ओट्याखाली उभे राहून झेलावा लागत होता, त्या समाजातल्या माणसाने केलेली ती दुकानाची व्याख्या आहे. गिऱ्हाईक म्हणून आत जाण्याचा हक्क तिथे लिहिला गेला. गल्ल्यावर बसण्याची गोष्ट अजून लिहायची आहे.

तीही बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. १९१७ मध्ये परदेशातून परतल्यावर, बडोद्यात जे घडले त्यानंतर, त्यांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारात सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, याच्याहून चांगला सल्ला कोण देणार? पण सल्ला देणारा कोणत्या जातीचा हे कळले आणि गिऱ्हाइके यायची थांबली. धंदा बंद. ही घटना आज विकिपीडियावर आहे, आणि योग्य कारणाने आहे. चरित्रकारांनी ती लिहून ठेवली, पुस्तके छापली गेली, संदर्भ देता येतो. काही महिने चाललेले, बंद पडलेले एक छोटे दुकानच होते ते. मग त्या काळात आणि नंतर जातीमुळे बंद पडलेली बाकी किती दुकाने असतील? त्यांना चरित्रकार मिळाला नाही.

सीताबर्डीवरच दुसरे उदाहरण आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये बाबासाहेब धम्मदीक्षेसाठी नागपुरात आले तेव्हा ते याच भागातल्या श्याम हॉटेलात उतरले होते. १३ ऑक्टोबरला पत्रकारांशी ते तिथेच बोलले. एरवी एका हॉटेलचे नाव विश्वकोशात यायचे काही कारण नाही, बाजारात हॉटेले येतात नि जातात. पण हे नाव आलेच पाहिजे, आणि त्याला आधार भरपूर आहे. कार्यशाळेत पोरांना हेच आधी सांगायला हवे होते. आम्ही सांगितले ते 'आपल्या भागाविषयी लिहा' एवढेच. मग पोरांनी डोळ्यांना दिसले ते लिहिले. त्यांची काय चूक?

आता आधाराची गोष्ट. विकिपीडियाचे दोन नियम आहेत, त्यांवर सगळे अडते. एक, लिहिलेले पडताळता आले पाहिजे, म्हणजे दुसऱ्या कोणी विश्वासार्ह ठिकाणी ते आधी छापलेले असले पाहिजे. दोन, स्वतःचे मूळ संशोधन तिथे प्रथमच मांडायचे नाही. नियम चांगले आहेत. ते नसते तर आपल्या बाबासाहेबांच्या पानावर रोज काय काय लिहून गेले असते, कल्पना करा. ज्या नियमाने आमच्या बाबांचे दुकान उडाले त्याच नियमाने ती घाणही उडते. म्हणून नियमाला शिव्या देणाऱ्या कार्यकर्त्यांशी आमचे भांडण आहे. पण नियम सगळ्यांना सारखा असला तरी आधार सगळ्यांकडे सारखा नाही. बर्डीवरच्या एखाद्या जुन्या पेढीला शंभर वर्षे झाली की वर्तमानपत्रात पुरवणी निघते, तिची गौरविका छापली जाते, मालकांची मुलाखत येते. तो झाला आधार. त्याच रस्त्यावरचा फुटपाथवरचा माणूस वर्तमानपत्रात कधी येतो? अतिक्रमण हटवले की. बर्डीच्या हॉकर्सचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, त्याच्या बातम्या पुष्कळ. म्हणजे आधारानिशी लिहायला बसलात तर पेढीचा इतिहास परंपरा म्हणून येतो आणि फुटपाथवाल्याचा अडथळा म्हणून. संपादकाने काही पक्षपात केलेला नाही, त्याने समोर असलेले संदर्भ वापरले.

दीक्षाभूमीवरचे पुस्तकांचे स्टॉल घ्या. तीन दिवसांचे दुकान! याच्याहून बदलते दुकान कोणते? ताडपत्री, बांबू, दोन टेबले आणि ग्रंथ. एकेका स्टॉलचे नाव विश्वकोशात घालणे वेडेपणाचे. पण दरवर्षी लाखो माणसे येतात आणि जाताना पुस्तके घेऊन जातात, असा बाजार दुसरा कोणता आहे? त्यावर मात्र लोकांनी लिहिले आहे, लेख आहेत, फोटो आहेत. म्हणून तो विषय विश्वकोशात उभा राहतो. ते आपण मागत बसलो नाही, मिळवले.

इथे कोणी म्हणेल, मग आपणच छापू आणि आपणच संदर्भ देऊ. इतके सोपे नाही. स्वतः लिहून स्वतः छापलेल्याला तिथे वजन नाही, आणि नसावेच, नाहीतर तो मामाही उद्या पाँप्लेट छापून संदर्भ देईल. पण 'स्वतः छापलेले' या शब्दावर आपल्या लोकांनी थोडे थांबावे. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. मग 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. दुसरे छापत नव्हते म्हणून आपण छापले. आज त्यांतला शब्द हा अस्सल आधार मानला जातो. का? त्यामागे संपादक होता, नावाची जबाबदारी होती, चुकले तर पुढच्या अंकात टीका येणार होती. आपले असणे आणि स्वतःपुरते असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गेल्या वीस वर्षांत आपण जयंतीच्या किती स्मरणिका काढल्या? चकचकीत कागद, पहिली दहा पाने पुढाऱ्यांचे शुभेच्छा संदेश, शेवटची पंधरा जाहिराती. त्या जाहिराती तरी बघा. आपल्या वस्तीतल्या दुकानांची नावे, पत्ते, साल. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक त्या स्मरणिकेतून संदेश वगळून जाहिरातीच वाचेल. पण मधल्या पानांवर आपल्या वस्तीतल्या पहिल्या शिंप्याची, पहिल्या औषधाच्या दुकानाची, पहिल्या प्रिंटिंग प्रेसची तपासून लिहिलेली दोन पाने घालायला कोणी अडवले होते?

हे दुसऱ्यांना विचारण्याआधी स्वतःलाच विचारतो. एम.ए.ला लघुप्रबंधाचा विषय निवडताना आम्ही बर्डीच्या बाजारातले बौद्ध दुकानदार हा विषय सुचवला होता. मार्गदर्शक म्हणाले, यात साहित्याचा आढावा कुठून आणणार, आधी कोणी काम केलेले नाही. आम्ही मान डोलावली आणि बचत गटांवर लिहिले. बचत गटांवर आढाव्यापुरते साहित्य भरपूर होते. तेव्हा हट्ट धरला असता तर आज त्या पोरांना द्यायला एक तरी संदर्भ हातात असता. त्या वेळी दुकान चालू होते, बाबांच्या ओळीतले चारही जण जिवंत होते. आता दोघे नाहीत.

म्हणून सध्या काय चालले आहे ते सांगतो. ती चार पोरे आणि आणखी पाच जण मिळून दर रविवारी बर्डीवर जातात. आज कोणते दुकान कुठे आहे हे ओपनस्ट्रीटमॅपवर टाकतात. तो नकाशा त्यासाठीच आहे, तिथे दुकान बदलले की बदलता येते, कोणी रागावत नाही. रस्त्याचे फोटो स्वतः काढून तारखेसह विकिमीडिया कॉमन्सवर चढवतात. पाच-पन्नास वर्षांनी पाट्यांचे ते फोटो काय बोलतील ते आज सांगता येत नाही. आणि म्हाताऱ्या दुकानदारांच्या मुलाखती घेतात, त्यांची परवानगी घेऊन. एका प्राध्यापक ताईंनी त्या तपासून द्यायचे कबूल केले आहे, एका नियतकालिकाशी बोलणे चालू आहे. छापून आले तर विश्वकोशात दोन ओळी जातील. दोनच. पोरांना हे आधीच सांगून ठेवले आहे, कारण दोन वर्षे खपून दोन ओळी मिळाल्या की निराश होणारेही आपलेच असतात.

सीताबर्डीच्या त्या पानाशी आम्ही पुन्हा भांडलो नाही. जो पोरगा 'उडवून टाकते हे लोकं' म्हणाला होता, त्यानेच श्याम हॉटेलची ओळ लिहायला घेतली. चरित्राच्या दोन पुस्तकांतून पान क्रमांक काढताना त्याचा अख्खा आठवडा गेला.

मुलाखतींची सुरुवात घरापासून करावी म्हणून बाबांपुढे मोबाइल ठेवला. ते बोलायला तयार नव्हते. मग उठून आत गेले आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात भिंग होते, दोन चिमटे, काही पट्टे, आणि चार घड्या घातलेला गुमास्ता परवाना. १९४८ च्या जुन्या दुकान कायद्याप्रमाणे तो दुकानात दिसेल असा लावणे सक्तीचे होते. बाबांनी लावला होता, खिळ्याला, आणि त्याच खिळ्यावर त्यापुढे कॅलेंडर. इन्स्पेक्टर आला की कॅलेंडर उचलून दाखवायचे. परवान्यावर बाबांचे पूर्ण नाव आहे. वडिलांचे नाव, आडनाव, सगळे, टाइपरायटरने उमटवलेले. पाटीवर जे कधी आले नाही ते. नवीन २०१७ च्या कायद्यात दहाहून कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीची गरज उरली नाही, नुसती सूचना दिली की झाले. म्हणजे जिन्याखाली बसणाऱ्याच्या नावाचा असा परवाना आता निघणार नाही.

"हे चालते काय तुमच्या त्या कोशात?" बाबांनी विचारले.

आम्ही सांगितले, की नुसता परवाना चालत नाही. तो मूळ कागद झाला. त्यावर कोणी अभ्यास करून छापले पाहिजे, मग चालेल.

"मंग छापा ना," ते म्हणाले. "मी कुठं नाही म्हणून राह्यलो. पण ते कॅलेंडरचं पण लिहा."